फ्यूज उडाला की जाड तार टाकायची सवय गाडीवर आणू नका



या पानावर एरवी ऊस, डाळिंब, ठिबक, खतं असंच काहीतरी असतं. आज मोटारसायकलीच्या वायरिंगवर लिहितोय. विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण आपल्याकडं मोटारसायकल हे शेतीचंच अवजार झालंय. सकाळी दुधाचे कॅन तिच्यावर, दुपारी खताचं पोतं तिच्यावर, आणि रात्री लाईट आली की मोटर चालू करायला जाणारा माणूसही तिच्यावरच. बैलगाडीच्या आखाला वंगण घालायला आपले आजे चुकत नव्हते. आपण मात्र या गाडीच्या वायरिंगकडं धूर निघेपर्यंत बघत नाही.

आमच्या घरी धूर निघाला आणि तो माझ्याच हातच्या कामातून निघाला, म्हणून लिहितोय.

जानेवारीतली गोष्ट. ऊसतोड जोरात चालू होती. पुतण्याची गाडी १०० सीसीची. रात्रीच्या पाळीला जायला उजेड पाहिजे म्हणून दिवाळीच्या आसपास मी स्वतः तिला दोन एलईडी फोकस बसवले होते. बॅटरीच्या प्लसवरून एक वायर थेट हँडलवरच्या बटनाला, बटनातून फोकसला, आणि मायनस चेसीला. वायर कुठली, तर घरात उरलेली दाराच्या बेलची. टाकीखालून कंपनीच्या वायरिंगचा जो गुच्छ जातो, त्याच्याबरोबरच टेप मारून नेली. बटन दाबलं आणि अंगणात लख्ख उजेड. मी खूश, पुतण्या खूश. फ्यूज नव्हता. खरं सांगतो, फ्यूजचा विचार मनात आला होता. पण तेवढ्यासाठी परत दुकानात कोण जाणार, म्हणून राहिला.

रात्री एकच्या सुमारास पुतण्या पाण्याला निघाला. उजनीच्या कालव्याकडचा रस्ता, दोन्ही बाजूला ऊस. आधी जळका वास आला. मग टाकीखालून धूर. मग हेडलाइटसकट सगळी गाडी गपकन बंद. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. पोरानं गाडी ढकलत कडेला घेतली आणि मोबाईलची बॅटरी लावून हात वर केला. ट्रॅक्टरवाल्यानं ते बघितलं, नशीब आमचं. मग यानं साइडचं पॅनेल उघडलं तर वायर अजून तापत होती. गळ्यातला टॉवेल हाताला गुंडाळून बॅटरीवरून ती उपसून काढली. तरी दोन बोटांना फोड आले. त्या वायरीपासून पेट्रोलची टाकी वीतभर लांब होती.

पहाटे गाडी ढकलत घरी आला. मला काही टाकून बोलला नाही. एवढंच म्हणाला, "तात्या, उजेड भारी होता. पण वायर कुठली वापरली होती?"

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही पोस्ट.

सकाळी टाकी उतरवून बघितलं. माझी वायर हँडलच्या मानेपाशी रोज घासत होती. हँडल डावीकडं-उजवीकडं वळलं की वायर चेपायची. दोन-अडीच महिन्यांत वरचं प्लास्टिक गेलं आणि उघडी तार लोखंडाला टेकली. बॅटरीचा प्लस थेट चेसीला. आपल्याला वाटतं, मुठीएवढी बॅटरी, ती काय करणार? पण सेल्फ मारताना हीच बॅटरी काही क्षण फोकसच्या कितीतरी पट करंट देते. तेवढा करंट बेलच्या वायरीतून गेला. वायर लालबुंद झाली, तिनं शेजारचा कंपनीचा गुच्छ वितळवला, त्यातल्या वायरी एकमेकीला चिकटल्या, आणि मग कंपनीचा मेन फ्यूज उडाला. गाडी बंद पडली ती त्या फ्यूजमुळं, आणि आणखी वायरिंग वाचलं तेही त्याच फ्यूजमुळं. कंपनीच्या वायरीला राखणदार होता. माझ्या वायरीला नव्हता.

आता माझं म्हणणं सांगतो. यात दोन बाजूचे लोक माझ्याशी भांडतील, चालेल.

एक बाजू म्हणते, गाडीला बाहेरचं काही लावूच नका. शोरूमवाले हेच सांगतात, आणि वायर कापली तर वॉरंटी जाते असंही सांगतात. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. पण ज्याला रात्री मोटर चालू करायला जावं लागत नाही, त्याला हे बोलणं सोपं आहे. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते. दिवसा लाईट मिळावी म्हणून २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे, काही जणांकडं सौर पंपही आलेत, चांगलं झालं. पण ज्याच्या फीडरला अजून रात्रीची पाळी आहे, तो अंधारातच जाणार. वाटेत चारी, खड्डा, साप, रानडुक्कर, आणि सीझनला मागं लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी. त्याला जादा उजेड लागतो. मोबाईल चार्ज लागतो, कारण मोटरच्या ऑटो स्विचचा फोन त्याच मोबाईलवर येतो. हा शौक नाही, गरज आहे. म्हणून लावूच नका हे मला पटत नाही.

दुसरी बाजू आपली गावातली. "काय होत नाय, लाव वायर." ही बाजू जास्त धोक्याची, कारण मी स्वतः त्यातलाच होतो. आणि ही सवय आपल्याला कुठून लागली तेही सांगतो. डीपीवरून.

डीपीवरचा फ्यूज उडाला की आपण काय करतो? वायरमनची वाट किती वेळ बघायची, पीक सुकतंय, म्हणून कुणीतरी आकडा घेऊन चढतो आणि किटकॅटमध्ये जाड तार टाकतो. पुन्हा उडाला की आणखी जाड, दोन पदरी. मग फ्यूज उडायचा बंद होतो आणि मोटर जळायला लागते. वायंडिंगचे हजारो रुपये जातात, डीपी जळाला तर अख्ख्या शिवाराचं पाणी आठ-दहा दिवस बंद. तरी आपण म्हणतो, फ्यूज सारखा त्रास देत होता, आता बरं चाललंय. आपल्या डोक्यात फ्यूज म्हणजे त्रास देणारी वस्तू. कुत्रं रात्री भुंकतं म्हणून त्यालाच हाकलून द्यायचं, तसला प्रकार. डीपीवरची हीच सवय आपण गाडीवर आणलीय. आणि गाडीवर तर आपण बारीक-जाड तारेचा प्रश्नच ठेवला नाही. फ्यूजच ठेवला नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या, मलाही उशिरा समजली. फ्यूज फोकस वाचवायला नसतो. फोकस जळाला तर जळू दे, पाचशे रुपये गेले. फ्यूज वायर वाचवायला असतो, म्हणजे गाडी वाचवायला, म्हणजे वर बसलेला माणूस वाचवायला. म्हणून तो फोकसजवळ लावून उपयोग नाही. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत लावायचा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला वायरीचा तुकडा राखणदाराच्या मागं राहतो, तो जितका लहान तितका बरा. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर घरी बसवून विहीर ते घर केबल उघडी टाकली तर काय अर्थ? तसंच ते.

आता हिशेब. शाळेत ओहमचा नियम होता. ओहम हे जर्मनीतले मास्तर, त्यांनी १८२७ साली तो पुस्तकात मांडला. आम्ही तो घोकला, पेपरात लिहिला आणि विसरलो. त्याचा उपयोग पन्नाशीनंतर टाकीखालचा धूर बघून कळला. पण नियम बाजूला ठेवून आपल्या भाषेत सांगतो.

गाडीतला मॅग्नेटो म्हणजे विहिरीचा झरा. बॅटरी म्हणजे हौद. इंजिन चालू असेल तर झरा चालू, बंद असेल तर झरा बंद. फोकस, चार्जर, हॉर्न ही त्या हौदाला लावलेली दारं. झऱ्यापेक्षा जास्त पाणी सोडलं तर हौद रिकामा होणार, मग हौद कितीही नवीन असू दे. बॅटरी सारखी उतरते म्हणून दरवर्षी नवी बॅटरी टाकणारे लोक मला माहीत आहेत. त्यांचा हौद चांगला आहे, दारं जास्त उघडलीत.

आपल्या १०० सीसीच्या गाड्यांना बहुतेक ३ अँपिअर-अवरची बॅटरी असते. बुलेटसारख्या गाडीला ८ ची. १२ व्होल्ट गुणिले ३, म्हणजे हौदात ३६ वॅट-तास. मी फोकसला मीटर लावून बघितलं. डब्यावर मोठमोठे आकडे होते, तिकडं लक्ष देऊ नका. एक फोकस १.६ अँपिअर घेत होता, म्हणजे वीस-बावीस वॅट. दोन्ही मिळून चाळीसच्या वर. इंजिन बंद करून दोन्ही फोकस चालू ठेवून दारं धरायला गेलात, तर कागदावर पाऊण तास. जुन्या बॅटरीत अर्धा तासही नाही. नंतर सेल्फ मारला की नुसतं टकटक.

पूर्वी किक मारून निघता यायचं. आता १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या, बहुतेकांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. पेट्रोलचा पंप विजेवर, इंजेक्शनचा कॉम्प्युटर विजेवर. बॅटरी पार उतरली तर बऱ्याच वेळा किक मारूनही गाडी निघत नाही. त्याच्याआधी १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीला हेडलाइट कायम चालू राहण्याचा नियम आला. म्हणजे झऱ्यातलं एक मोठं दार कंपनीनंच चोवीस तास उघडं ठेवलंय. साध्या हॅलोजनचा हेडलाइट ३५ वॅटचा, त्यालाच तीन अँपिअर लागतात. उरलेल्यात आपलं भागवायचं. परदेशात थंडीत हात शेकायला हँडलला हीटर लावतात, अंगातलं जॅकेटसुद्धा गाडीवर गरम करतात, ते व्हिडिओ बघून आपल्या पोरांना वाटतं काहीही लावता येतं. त्या मोठ्या गाड्यांचा झरा मोठा असतो. आपली गाडी तशी नाही. मॅग्नेटो गाडीच्या स्वतःच्या खर्चापुरता, वर थोडी शिल्लक, इतकाच असतो.

शिल्लक किती ते घरच्या घरी बघता येतं. मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साडेबारा-बारा पॉइंट सहा दाखवते. इंजिन चालू करून रस्त्यावर चालवताना जेवढं ॲक्सिलेटर असतं तेवढं द्या. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आलं पाहिजे. आता हेडलाइट, फोकस, चार्जर सगळं लावा, ब्रेक दाबून धरा. तरी आकडा १३ च्या वर राहिला तर झरा पुरतोय. खाली गेला तर एक फोकस कमी करा. आणि काही न लावता आकडा १५ च्या वर जात असेल, तर आरआर युनिट बघून घ्या, तुमच्या बॅटरीचं आणि एलईडीचं आयुष्य तिथंच संपतंय.

आता वायर कशी ओढायची. मी जळलेलं सगळं काढून परत केलं, तसं सांगतो. स्वतः येत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण समोर उभं राहून हे बघून घ्या.

आधी बॅटरीचा मायनस सोडायचा. पाना हातात असताना प्लस आणि चेसी एकत्र झाली तर तिथंच ठिणगी. प्लसला नीट लग दाबून वायर जोडायची, तिच्यावर वीतभरात फ्यूज होल्डर. दोन फोकस मिळून साडेतीन अँपिअरच्या आत, म्हणून फ्यूज ५ चा. १५ चा नाही, २० चा तर नाहीच. वायर तांब्याची, एक चौरस मिलिमीटरची, म्हणजे फ्यूज उडेल पण वायर तापणार नाही. फ्यूज नेहमी वायरीपेक्षा कमजोर पाहिजे, तरच तो आधी मरतो. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, म्हणून इथं "थोडं इकडं-तिकडं चालतंय" म्हणायचं नाही.

फ्यूजनंतर रिले. चार पायांचा रिले कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतो, पायांवर आकडे लिहिलेले असतात. ३० वर फ्यूजमधून आलेली वायर. ८७ वरून फोकसला. ८५ चेसीला. ८६ ला हँडलच्या बटनातून प्लस, आणि तो प्लस अशा वायरीवरून घ्यायचा जिच्यात चावी फिरवल्यावरच करंट येतो. टेस्ट लॅम्प लावून ती वायर शोधायची. याचे फायदे दोन. बटनातून फक्त रिले ओढण्यापुरता नखभर करंट जातो, त्यामुळं बटन जळत नाही. आणि चावी काढली की फोकस आपोआप बंद, विसरायचा प्रश्न नाही. स्टार्टरचं हिरवं बटन आणि आतला काँटॅक्टर जसा असतो, तसाच हा रिले. मोटरचा करंट आपण बोटाखालच्या बटनातून नेत नाही ना? मग इथं का नेतो?

हँडलच्या मानेपाशी वायर ताणून नेऊ नका. हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा, वायरीला सैल वळसा राहिला पाहिजे. पूर्ण वायर प्लास्टिकच्या नळीत घाला. सायलेन्सरपासून आणि इंजिनच्या फिन्सपासून लांब ठेवा. जोड पिळून टेप मारायचा नाही. आपल्या उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटतो, पावसाळ्यात आत पाणी जातं, जोड हिरवा पडतो आणि सैल जोड तापतो. कनेक्टर लावा, नाहीतर डाग देऊन वर आकसणारी नळी घाला. मायनससाठी चेसीचा रंग खरवडून बोल्टखाली लग दाबा, नाहीतर फोकस मंद लागतो आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो.

हेडलाइटच्या वायरीला ब्लेड मारून त्यातून फोकस जोडायची पद्धत आपल्याकडं सगळ्यात जास्त आहे, आणि सगळ्यात वाईट आहे. ती वायर आणि ते बटन एका बल्बच्या हिशेबानं केलेलं असतं. आपण तिच्यावर दुप्पट बोजा टाकतो आणि एका रात्री फोकससकट हेडलाइटही जातो. बऱ्याच जुन्या गाड्यांचा हेडलाइट तर बॅटरीवर नसतोच, थेट मॅग्नेटोच्या एसीवर असतो. त्यावर एलईडी लुकलुकते आणि लवकर जाते. नव्या इंजेक्शनच्या गाडीत तर कुठल्याही वायरीला अंदाजानं टोचू नका, ती सेन्सरची निघाली तर खर्च मोठा.

मोबाईल चार्जरचंही तेच. चार्जर ५ व्होल्ट २ अँपिअरचा असेल तर दहा वॅट, बॅटरीकडून एक अँपिअरच्या आत-बाहेर घेतो. बोजा लहान, पण त्यालाही स्वतःचा २ किंवा ३ चा फ्यूज पाहिजे, आणि तोही चावीवरच पाहिजे. थेट बॅटरीवर लावलेला चार्जर मोबाईल नसतानाही आतून थोडं थोडं पीत राहतो. समजा २० मिलिअँपिअर पितोय. ३ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर सहा दिवसांत कोरडी. पोरगं पुण्याला गेलं, गाडी आठवडाभर शेडमध्ये राहिली आणि आल्यावर चालू झाली नाही, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

आणि शेतात उभं राहून काम करायला गाडीचा उजेड वापरूच नका. आपल्या सगळ्यांकडं चार्जिंगचा फवारणी पंप आहे. त्यात १२ व्होल्टची बॅटरी असते, बहुतेक ८ नाहीतर १२ अँपिअर-अवरची. म्हणजे गाडीच्या हौदाच्या तिप्पट-चौपट. एक फोकस त्या पंपाच्या बॅटरीवर लावा, अर्थात फ्यूजसकट, आणि पंप बांधावर ठेवा. रात्रभर दारं धरा. सकाळी घरी परत चार्ज. गाडीची बॅटरी गाडीला राहू दे. उलटं करू नका, म्हणजे गाडीवरून पंप चार्ज करायला जाऊ नका. हौदातून विहीर भरत नाही.

एक गोष्ट उजेडाच्या बाबतीत. जादा फोकस आपल्या वाटेवर पाडायचा आहे, समोरच्याच्या डोळ्यात नाही. फोकस हेडलाइटच्या खाली बसवा, तोंड जमिनीकडं झुकवा. समोरून गाडी आली की बंद. मोहोळ ते सोलापूर हायवेला तर तो लावूच नका, तिथं हेडलाइट पुरतो. समोरचा आंधळा होऊन आपल्याच अंगावर आला तर आपल्या उजेडाचा काय उपयोग? लुकलुकणारे लाल-निळे दिवे कशाला लावतात मला कळत नाही. आणि गाणी वाजवणारे, दोन-तीन सुरांचे हॉर्न तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ११९ प्रमाणं चालतच नाहीत. शिवाय मोठा हॉर्न क्षणभर का होईना, फोकसपेक्षा जास्त करंट ओढतो. म्हशी बिथरतात ते वेगळंच.

आता पैशाचं. मला होल्डर, फ्यूज, रिले, चांगली वायर आणि नळी धरून चारशेच्या आत खर्च आला. त्यात फ्यूज आणि होल्डरचे पन्नाससुद्धा नव्हते. जळलेला कंपनीचा गुच्छ बदलायला मजुरीसकट किती गेले ते लिहीत नाही, घरातले पण हे पान वाचतात.

दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. फोकस विकताना फ्यूज होल्डर बरोबर द्या. गिऱ्हाईक म्हणेल नको, तरी द्या. कीटकनाशकाच्या बाटलीबरोबर माहितीचा कागद येतो, इंजेक्शन विकताना दुकानदार सुई वेगळी विसरत नाही. मग बॅटरीला थेट जोडायची वस्तू नुसत्या दोन उघड्या वायरींवर कशी विकता? आणि मेकॅनिक मंडळींना सांगणं, तुम्हाला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं. गिऱ्हाईक घाई करतं, पन्नास रुपयाला घासाघीस करतं, म्हणून तुम्ही फ्यूज सोडून देता. घासाघीस करणाऱ्यांत मीही आहे. पुढच्या वेळी मी केली तर मला ही पोस्ट दाखवा.

आता परत त्या रात्रीकडं. मी खूप विचार केला की चूक कुठं झाली. वायर घासली ही चूक नाही. वायर कधी ना कधी घासणारच. गाडी खडखडाटात चालते, उंदीर वायर कुरतडतो, पोरं पाइपनं धुताना कनेक्टरमध्ये पाणी घालतात. चूक ही की काही बिघडलं तर काय होईल, याची तजवीज मी केली नव्हती. विहिरीवर उतरताना आपण कमरेला दोर बांधतो ते पाय घसरणारच आहे म्हणून नाही, घसरला तर काय म्हणून. पोराला रात्री एक वाजता त्या रस्त्यानं पाठवणारा मी, आणि दोर न बांधणाराही मीच.

जानेवारीनंतर ५ चा फ्यूज एकदा उडाला. पावसाळ्यात, फोकसच्या जोडात पाणी गेलं होतं. फोकस बंद झाले, हेडलाइट चालू राहिला, पुतण्या हळूहळू घरी आला. सकाळी जोड कोरडा करून नवा फ्यूज टाकला. तो मला म्हणाला, "तात्या, सारखा उडाला तर १० चा टाकू का?" मी म्हणालो, "उडाला तर मला उठव. १० चा टाकू नको."

आज संध्याकाळी गाडी घरी आली की साइडचं पॅनेल उघडा. बॅटरीच्या प्लसवर कंपनीच्या सोडून दुसरी कुठली वायर आहे का बघा. असली तर तिच्यावरून बोट फिरवत पुढं जा. वीतभरात फ्यूज सापडला तर पॅनेल लावून निवांत जेवा. नाही सापडला तर ती वायर बॅटरीवरून सोडून ठेवा आणि आजची पाळी हातातल्या बॅटरीवर काढा. उद्या बाजाराला गेलात की फ्यूज आणा.